प्लासेन्सियाला (बेलीझ) जायचंय: बस की छोटं विमान?

तांबडीमाती
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत बेलीझला (मध्य अमेरिकेतला छोटा देश) जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सध्या पुण्याहून इकडे आलेले आई-बाबा (बाबा ७१, आई ६७, आईचा उजवा गुडघा स्वतःच्या मर्जीने चालतो). ह्यूस्टनहून बेलीझ सिटीचं थेट विमान मिळालंय, दुपारी साडेबाराला उतरतं. पुढे प्लासेन्सियाला राहायचंय, नकाशात बघाल तर दक्षिणेकडे एक वाळूची दोरी लोंबतेय असं दिसतं, एकीकडे कॅरिबियन समुद्र आणि दुसरीकडे खाजण. मी उत्साहात घर बुक करून टाकलं आणि मग लक्षात आलं की तिथवर पोचायचं कसं ते बघितलंच नाही.

नवरा म्हणतो बारा-चौदा सीटचं छोटं विमान जातं, त्याने जाऊ. आई म्हणते असल्या खेळण्यात मी बसणार नाही. बाबा म्हणतात बसने जाऊ, देश दिसतो. गाडी भाड्याने घ्यायची नाहीये कारण सुट्टीत स्टिअरिंगला हात लावणार नाही असं नवऱ्याने जाहीर केलंय. कोणी गेलंय का? आणि आई-बाबांना तिथला वेगळा व्हिसा लागेल का?

लालडबा
गेलोय, दोनदा, दोन्ही वेळा बसने, त्यामुळे मी बाबांच्या पार्टीत :)

आधी व्हिसाचं. अमेरिकेचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असेल तर बेलीझचा वेगळा लागत नाही, माझ्या आईला लागला नव्हता, तरी निघायच्या आधी त्यांच्या वकिलातीला एक ईमेल टाकून लेखी उत्तर जवळ ठेव कारण काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही.

आता बस. विमानतळ गावाबाहेर लेडीव्हिलला आहे, शहरापासून साधारण १६ किलोमीटर, आणि विमानतळाच्या दारातून बस सुटत नाही. टॅक्सी करून शहरातल्या बस स्टँडवर जायचं (टॅक्सीची नंबरप्लेट हिरवी असते, हिरवी नसेल तर बसू नका). बस म्हणजे काय तर अमेरिकेत म्हाताऱ्या झालेल्या पिवळ्या स्कूलबस, रंग बदलून तिकडे दुसरा संसार थाटतात. मोठं सामान मागच्या इमर्जन्सी दारातून आत ढकलायचं, कंडक्टर बस सुटल्यावर पैसे घेत फिरतो, रस्त्यात कुठेही हात दाखवा बस थांबते. थोडक्यात आपली एशटी, फक्त ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर आणि त्यातून रेगे संगीत.

रस्ता आधी बेल्मोपानला जातो, ती राजधानी, १९६१ च्या हॅटी वादळात बेलीझ सिटी पार झोपली म्हणून समुद्रापासून आत सरकवून १९७० मध्ये नवीन वसवली. तिथे बस थांबली की पोरं-बायका टोपल्या घेऊन चढतात, तमाले, मक्याचे टाको, पिशवीत सोललेली संत्री. मग हमिंगबर्ड हायवे, हा तुकडा मी आयुष्यात विसरणार नाही, दोन्हीकडे हिरवेगार माया डोंगर, वळणावळणाचा घाट, उतरलात की संत्र्या-मोसंब्यांच्या बागा, आणि उघड्या खिडकीतून फुलांचा वास नुसता अंगावर. डांग्रिगाला बस बदलायची, तिथून प्लासेन्सिया पावणेदोन-दोन तास. सगळं धरून पाच तास आणि वर जे होईल ते. पण पाच माणसांचं भाडं विमानाच्या एका तिकिटापेक्षा कमी.

खिडकीची_जागा
लालडबा, तुझी पोस्ट वाचून मलाच बसमध्ये बसावंसं वाटलं, पण एक गोष्ट तू शिताफीने गाळलीस, त्या सीटा शाळेतल्या मुलांच्या मापाच्या असतात! माझ्या नवऱ्याचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत होते बेल्मोपानपर्यंत. एसी नाही, बाथरूम नाही. दुखऱ्या गुडघ्याला पाच तास?

तांबडीमाती, साडेबाराला उतरणार असाल तर विमानच. ट्रॉपिक एअर आणि माया आयलंड एअर अशा दोन कंपन्या आहेत, दोघींची विमानं त्याच विमानतळावरून सुटतात, म्हणजे कस्टममधून बाहेर आलात की शेजारच्या दारातून परत आत, टॅक्सी वगैरे काही नाही. सेस्ना कॅरव्हॅन, एकच इंजिन, पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं दिसायला काही आड येत नाही. चाळीस मिनिटं धर, मध्ये डांग्रिगाला टेकलं तर थोडी जास्त. डांग्रिगाला टेकणं म्हणजे खरंच टेकणं, दार उघडतं, दोन माणसं उतरतात, एक चढतो, दार बंद, प्रॉपेलर कधी थांबला का असं विचारेपर्यंत परत वर.

उंची फार घेत नाही त्यामुळे समुद्राचा तळ दिसतो, खारफुटीतून पाणी कसं वळत गेलंय ते दिसतं, आणि शेवटी ती तुझी वाळूची दोरी समोरून येते. सीट नंबर नसतो, वजन बघून बसवतात. बऱ्याचदा पायलटच्या शेजारची सीट रिकामी असते आणि तिथे चक्क प्रवाशाला बसवतात. बाबांना सांग पटकन पुढे हो म्हणून.

प्रश्नचिन्ह
पण तिथे मध्यंतरी विमान समुद्रात गेलं होतं ना? कुठेतरी वाचल्यासारखं आठवतंय. आईंना सांगू नका.

खिडकीची_जागा
@प्रश्नचिन्ह, आईंना सांगू नका म्हणून जाहीर धाग्यावर लिहिलंस, धन्य आहेस :D

हो, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये. प्लासेन्सियाची धावपट्टी द्वीपकल्पाच्या आडवी आहे, जमीनच इतकी चिंचोळी की धावपट्टीच्या टोकाला समुद्र, आणि गावात जाणारा एकमेव रस्ता तिथेच त्या टोकाला वळसा घालून जातो. उडताना विमानाचा खालचा भाग रस्त्यावरच्या गाडीला लागला आणि विमान पाण्यात उतरवावं लागलं, आतले सगळे वाचले. मी त्यानंतर तिथून दोनदा उडालेय. विमान जवळ आलं की तिथे गाडी थांबवायची असते, आपण पायी असू तरी थांबायचं.

मंदाकाकू
अगं तांबडीमाती, गुडघ्यासाठी सांगते, माझे दोन्ही बदललेत. विमानाला चढायला चार पायऱ्यांची छोटी शिडी असते, दोन्ही हातांनी धरायला मिळतं, आणि खाली कोणीतरी उभं असतं. स्कूलबसची पहिली पायरी त्यापेक्षा उंच, आणि आतली वाट अरुंद, पिशव्या पडलेल्या. मला विमान सोपं गेलं. भीती वाटली पण भीती चाळीस मिनिटांची, गुडघा चार दिवसांचा.

पाणकोंबडी
कोणीच तिसरा रस्ता सांगेना म्हणून लॉगिन केलं.

डांग्रिगाला बस बदलायचीच गरज नाही. बेलीझ सिटीहून दक्षिणेला पुंता गोर्दाला जाणारी बस घ्यायची, जेम्स लाइनची असते, आणि इंडिपेंडन्स गावात उतरायचं. त्याला लागूनच मँगो क्रीकचा धक्का. तिथून होकी पोकी नावाची लाँच (नाव मी ठेवलेलं नाही) खाजण ओलांडून वीसेक मिनिटांत प्लासेन्सियाला सोडते. आपल्या दाभोळ-धोपावेसारखंच आहे बघा, समोर गाव दिसतंय पण रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. इथे तर वळसा म्हणजे उत्तरेला जाऊन द्वीपकल्पाचं मूळ गाठायचं आणि मग ते सगळं २६ किलोमीटर परत खाली यायचं, कारण गाव अगदी शेवटच्या टोकाला.

लाँच खारफुटीच्या गल्ल्यांमधून सुसाट जाते, वळणावर पाण्याचा एक पडदा उडतो, उजवीकडे बसलात तर भिजाल किंवा डावीकडे बसलात तर भिजाल. मध्येच नावाडी इंजिन मंद करतो आणि बोट दाखवतो, पाण्यावर एक करडं नाकाड येतं, फुस्स करतं आणि जातं. मॅनटी, म्हणजे समुद्रगाय! त्या खाजणात त्यांचा राबता आहे.

आता माझा गाढवपणा. एकटी होते, सकाळपासून प्रवास, बसमध्ये झोप लागली आणि इंडिपेंडन्स मागे गेलं. कंडक्टरने नाव पुकारलं होतं म्हणे, मी ढाराढूर. जाग आली तेव्हा बाहेर काळोख आणि पाटीवर भलतंच नाव. उतरले, समोरून येणारी बस मिळाली, परत आले तर शेवटची लाँच गेलेली. धक्क्यावर एक कुत्रं आणि मी. रात्र इंडिपेंडन्समध्येच एका गेस्टहाऊसला काढली, मालकीणबाईने न विचारता भात-घेवडा वाढला, सकाळी पहिल्या लाँचने समोरच्या किनाऱ्यावर, जिथे माझं आगाऊ पैसे भरलेलं खोलीभाडं रात्रभर एकटंच झोपलं होतं.

लालडबा
हाहाहा, खोलीभाडं!! पण मुद्दा बरोबर, लाँचचं टाइमटेबल हातात ठेवूनच बस पकडायची. रविवारी बसही कमी आणि लाँचही कमी.

खिडकीची_जागा
आणि डिसेंबरात सूर्य साडेपाचला मावळतो तिकडे, हे कोणी लक्षात घेतच नाहीये. साडेबाराला उतरून, रांग लावून, टॅक्सीने स्टँडवर जाऊन दोनची बस जरी पकडली तरी हमिंगबर्ड हायवे सोडला तर पुढचं सगळं अंधारात. मग देश कुठला दिसतो, बसमधला पिवळा दिवा दिसतो.

तांबडीमाती
बापरे किती पोस्ट. आई शेजारी बसून वाचतेय, २०१७ सकट. ती म्हणते लाँच चालेल, ती दापोलीची आहे, पाण्याला घाबरत नाही, हवेला घाबरते. पण गुडघा घेऊन धक्क्यावरून हलत्या लाँचमध्ये उतरायचं म्हणजे मला धडकी.

विमानाचं भाडं बघितलं. पाच जणांचं दोन्हीकडचं म्हणजे ह्यूस्टनच्या तिकिटांच्या जवळ जातंय! शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून कमी दिसतंय, तिथून घ्यावं का? आणि परतीचं आमचं विमान दुपारी अडीचला आहे.

ओसरीवर
तो म्युनिसिपल विमानतळ, समुद्राला अगदी चिकटून, फक्त देशांतर्गत. भाडं कमी असतं खरं, पण मोठ्या विमानतळावरून तिथवर टॅक्सी आणि अर्धा तास जातो. एकटा-दुकटा असेल तर टॅक्सीतच वाचलेले पैसे संपतात, तुम्ही पाच जण आहात तर एका टॅक्सीत मावलात की फायदा आहे. करा हिशोब.

आणि हिशोब करताना बेलीझ डॉलर दोनाला एक अमेरिकन, ठरलेलाच आहे, वर्षानुवर्षं बदललेला नाही. अमेरिकन नोटा सगळीकडे घेतात. फक्त कोणी नुसतं 'डॉलर' म्हटलं की कुठला ते विचारून घ्या. आम्ही एकदा न विचारता दुप्पट देऊन आलो आणि वर थँक्यू म्हणालो.

व्हॅनही मिळते, विमानतळ ते दार, तीन तास, पाच जणांत वाटली तर विमानापेक्षा बरीच स्वस्त पडेल. हवेला घाबरणाऱ्यांसाठी तोच मध्यम मार्ग.

लालडबा
एक कळकळीची विनंती, परतीच्या दिवशी बस नको. मी बसवाला असून सांगतोय. माझी एक बस बेल्मोपानच्या अलीकडे गरम होऊन बंद पडली होती, ड्रायव्हरने शांतपणे बॉनेट उघडलं, कोणीतरी ओढ्यावरून पाणी आणलं, तासभर गेला, कोणाची काही तक्रार नाही, सगळे झाडाखाली बसले. मलाही मजा आली कारण मला कुठेच पोचायचं नव्हतं. अडीचचं विमान असतं तर मी त्या झाडाखाली रडलो असतो.

जाताना बस, येताना विमान. माझं ठाम मत.

खिडकीची_जागा
जाताना पण विमान. माझं त्याहून ठाम मत.

फक्त शेवटचं छोटं विमान संध्याकाळी पाचच्या आसपास सुटतं, अंधारात त्या पट्टीवर उतरत नाहीत, त्यामुळे ह्यूस्टनचं लेट झालं तर पंचाईत. अगदी पुढचं लगेचचं तिकीट काढू नकोस, मधलं काढ.

मंदाकाकू
आई-बाबा शाकाहारी आहेत का गं? असतील तर तिथल्या 'राइस अँड बीन्स'ला शाकाहारी समजू नका. नारळाच्या दुधात शिजवतात, वासाला आपल्या नारळीभाताचा भाऊ, पण बऱ्याच घरी त्यात खारवलेली डुकराची शेपटी टाकतात. विचारून घ्या. सकाळी फ्राय जॅक मिळतात, आपल्या टम्म पुऱ्याच, जरा जाड. आणि मेरी शार्पचा गाजर आणि हबानेरो मिरचीचा सॉस सगळ्या टेबलांवर असतो, तो डांग्रिगाजवळच बनतो. माझ्याकडे अजून दोन बाटल्या आहेत, थालीपिठाबरोबर फार छान.

मासे खात असतील तर द्वीपकल्पावरच्याच सीन बाइट गावात हुदुत खा. गारिफुना (आफ्रिकन आणि कॅरिब वंशाच्या) लोकांचं जेवण, कच्ची-पिकली केळी उकडून मोठ्या लाकडी उखळात कुटतात आणि नारळाच्या रश्शातल्या माशाबरोबर देतात. ती कुटणारी बाई बघून मला माझी आजी आठवली.

ओसरीवर
जाता जाता एक अवांतर. तिकडे 'ईस्ट इंडियन' म्हणवणारी माणसं भेटतील, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या मजुरांचे आणि १८५७ नंतर शिक्षा म्हणून पाठवलेल्या शिपायांचे वंशज. उत्तरेला कोरोझाल जिल्ह्यात कलकत्ता नावाचं गावच आहे. बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना सांगा.

तांबडीमाती
ठरलं एकदाचं. जाताना-येताना दोन्हीकडे विमान, तीनचं काढलंय. आईने अट घातलीये की तिला मधली सीट हवी, जिथून बाहेरचं दिसत नाही. असं काही नसतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. बाबा रुसलेत. त्यांची समजूत अशी काढली की तिथे गेल्यावर एक दिवस त्यांना बसने डांग्रिगाला नेऊन परत आणायचं, दोन तास तिकडे, दोन तास इकडे, उजेडात, विमान पकडायचं नाही, काही नाही. सगळ्यांचे आभार. आल्यावर लिहिते.

प्रश्नचिन्ह
वाट बघतोय. वाळूतल्या चावऱ्या माश्यांपासून वाचायला खोबरेल तेल घेऊन जा.

तांबडीमाती
आलो परत! वृत्तांत लिहिते, थोडा मोठा होईल.

पहिली गोष्ट म्हणजे ह्यूस्टनलाच आमचं विमान साडेतीन तास लेट झालं, कंपनीचं नाव घेत नाही, खिडकीची_जागाचं भाकीत तंतोतंत. लेडीव्हिलला उतरलो तेव्हा तीनचं सोडाच, रांगेतून बाहेर येईपर्यंत शेवटचंही गेलेलं. काउंटरवरच्या मुलीने कपाळाला आठी न घालता सकाळच्या पहिल्या विमानात नावं टाकली, जास्तीचे पैसे नाहीत. विमानतळाजवळच एका हॉटेलात रात्र काढली. रात्रभर पाऊस. आई खिडकीत बसून पावसाकडे आशेने बघत होती, की सकाळी रद्द होईल.

सकाळी लख्ख. वजन झालं, बॅगांचं आणि हातातल्या पिशव्यांचंही. पायलट म्हणजे पंचविशीचा पोरगा, बाबांकडे बघून म्हणाला सर, पुढे बसता का. बाबा ७१ वर्षांचे आहेत, मी त्यांना इतक्या चपळाईने काहीही चढताना बघितलेलं नाही. आई बरोबर त्यांच्या मागे बसली, डोळे मिटले, अथर्वशीर्ष सुरू. डांग्रिगाला टेकलो तेव्हा तिसरं आवर्तन चालू होतं. ती हळूच म्हणाली पोचलो? नाही म्हटलं, मग म्हणाली आता मिटून काय उपयोग, आणि पुढचा सगळा वेळ काचेला नाक लावून. खाली पाणी आधी हिरवं, मग फिक्कट, मग एकदम गडद निळं, आणि मध्येच एका बेटावर चार नारळाची झाडं, बस्स तेवढंच बेट. आई म्हणाली आपल्या हर्णैला वरून बघितलं तर असंच दिसेल का गं.

उतरताना रस्त्यावर एक सायकलवाला खरंच थांबलेला होता, आमच्याकडे बघत, एक पाय टेकून.

गाव गोड आहे. मुख्य रस्ता म्हणजे गावाच्या मधून वाळूवर टाकलेली सिमेंटची पायवाट, जेमतेम चार फूट रुंद, जवळजवळ एक मैल लांब, जगातला सगळ्यात अरुंद मुख्य रस्ता म्हणून गिनेस बुकात नाव होतं म्हणे. आईसाठी देवदूत, वाळूत पाय रुतत नाही. २००१ च्या आयरिस वादळात जवळजवळ अख्खं गाव गेलं होतं, घरवाल्या बाई सांगत होत्या, तेव्हा नवीन घरं खांबांवर.

आता बाबांची बस. सकाळी स्टॉपवर उभे, स्कूलबस आली, निळी, कडेला अमेरिकेतल्या कुठल्यातरी शाळेचं नाव रंगाखालून दिसतंय. बाबा खिडकीत, शेजारी सीन बाइटच्या एक आजी, मांडीवर नारळांचं पोतं. त्या क्रियोलमध्ये बोलत होत्या, बाबा पुणेरी इंग्लिशमध्ये, तरी अर्ध्या तासात दोघांनी एकमेकांना नातवंडांचे फोटो दाखवून झाले. रस्ता आता पक्का आहे, पूर्वी म्हणे लाल चिखल असायचा, पावसाळ्यात गाड्या रुतून बसायच्या. एकीकडे मोठमोठे बंगले, मध्येच सीन बाइटची पत्र्याची घरं, परत बंगले. बाबा त्यावर बराच वेळ गप्प होते.

डांग्रिगाला समुद्राकाठी जेवलो (हुदुत! मंदाकाकू तुम्ही थोर आहात, पण आईला ते केळ्याचं काही झेपलं नाही, तिने फ्राय जॅकवर दिवस काढला) आणि दुपारच्या बसने परत. येताना बाबा पंधराव्या मिनिटाला झोपले, देश बघायला आलेले. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, लालडब्या.

लालडबा
देश झोपेतच नीट दिसतो :) कसं वाटलं त्यांना?

तांबडीमाती
खूश आहेत, एकच तक्रार. कंडक्टरने पैसे घेतले, सुटे परत दिले, पण तिकीट दिलं नाही. बाबा जिथे जातील तिथलं बसचं तिकीट पाकिटात ठेवतात, १९७४ चं स्वारगेट-महाबळेश्वरचं अजून आहे. उतरताना त्यांनी कंडक्टरला थांबवून तिकीट मागितलं. त्याला वाटलं पैशांवरून काहीतरी झालंय, तो बिचारा परत पैसे मोजायला लागला. शेवटी प्रकरण कळल्यावर त्याने खिशातून एक सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा फाडला, त्यावर डांग्रिगा-प्लासेन्सिया असं पेनाने लिहिलं, खाली तारीख टाकली आणि सही करून दिला.